रेनश्टाइगवर जिओकॅशिंग: नवख्यांसाठी पायरीपायरीने

रेनश्टाइग ही जर्मनीच्या थुरिंगियातली डोंगरमाथ्याने जाणारी जुनी वाट. वेरा नदीकाठच्या ह्योर्शेल गावात ती सुरू होते आणि सुमारे १७० किलोमीटर जंगलातून चालत झाले नदीकाठच्या ब्लांकनश्टाइनला संपते. होय, नदीचं नाव 'झाले'च आहे, आणि तिथे पोचलं की खरोखरच झाले. झाडांवर, दगडांवर पांढरा 'आर' रंगवलेला दिसतो, तो या वाटेचा. १३३० सालच्या कागदपत्रात या वाटेचा उल्लेख सापडतो. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधून त्यातल्या वहीत सही करायचा खेळ. गेल्या काही वर्षांत या वाटेच्या दोन्ही बाजूंना असे पुष्कळ डबे लपवले गेलेत. इल्मेनाऊ, येना, एरफुर्टला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारी सहज जमेल असा हा उद्योग आहे.

या लपवलेल्या डब्याला खेळात 'कॅश' म्हणतात. पण 'कॅश' लिहिलं की पैसे डोळ्यांपुढे येतात, म्हणून इथून पुढे नुसतं 'डबा' म्हणू.

१. आधी टप्पा ठरवा, डबे नंतर

नवखा माणूस नकाशा उघडतो, त्यावर शंभर खुणा बघतो आणि सगळ्याच हव्याशा वाटतात. मग दुपारी तीन वाजता निम्मी वाट उरलेली असते आणि शेवटची बस चारची असते. म्हणून हिशेब उलटा करा. १८ किलोमीटर, ताशी ४ च्या वेगाने, साडेचार तास. साधा डबा शोधून, सही करून, परत जागेवर ठेवायला सरासरी १२ मिनिटं धरा. बारा डबे म्हणजे जवळजवळ अडीच तास. जेवणाचा पाऊण तास मिळवला की पावणेआठ तास झाले. दिवसाला बाराच्या वर डबे धरूच नका. शरदात तर आठच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि त्यानंतर पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो.

पहिल्या खेपेला ह्योर्शेल ते होहं झोने हा सुमारे १५ किलोमीटरचा टप्पा घ्या. आयझेनाखहून ह्योर्शेलला लोकल गाडी जाते, जर्मनीभर चालणारा मासिक पास त्यावर चालतो. सुरुवातीचा चढ दमवतो. ह्योर्शेल जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे आणि वाटेला लगेच माथा गाठायचा असतो. होहं झोनेहून वार्टबुर्ग किल्ला दिसतो आणि तिथून ड्राखनश्लुख्ट नावाच्या घळीतून आयझेनाखला उतरता येतं. घळ सर्वांत अरुंद ठिकाणी ७० सेंटिमीटरच्या आसपास आहे. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती काढून हातात धरावी लागते. पावसानंतर किंवा हिवाळ्यात दरडीमुळे ती बंद असू शकते, आधी चौकशी करा.

माथ्यावर मधूनच चढायचं असेल तर इल्मेनाऊहून शनिवार-रविवारी जुन्या रेनश्टाइग स्टेशनपर्यंत गाडी जाते. पूर्वेकडे श्टाइनबाख आम वाल्डला स्टेशन आहे. वेळापत्रक त्या दिवसाचंच बघा, गेल्या आठवड्यातलं नको.

मे महिन्यात रेनश्टाइगलाउफ ही मोठी धावशर्यत असते. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत आणि वाटेवर एवढी माणसं असतात की डब्यात हात घालायची सोय नसते.

२. काय काय लागेल

कागदपत्रं:
- पासपोर्ट आणि निवासपरवान्याचं कार्ड. २०२५ पासून हॉटेलातला नोंदणीचा फॉर्म जर्मन नागरिकांना भरावा लागत नाही, आपल्याला लागतो.
- आरोग्यविम्याचं कार्ड.
- रोख पैसे. माथ्यावरच्या लहान खानावळी कार्ड घेतीलच असं नाही.

सामान:
- फोन, त्यात जंगलाचा ऑफलाइन नकाशा, आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक. फोन विमान मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी कितीतरी जास्त पुरते.
- बॉलपेन आणि पेन्सिल, दोन्ही. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही, पेन्सिल उठते.
- चिमटा. बोटाच्या पेराएवढ्या डब्यातली कागदाची गुंडाळी त्याशिवाय निघत नाही आणि निघाली तरी फाटते.
- बागकामाचे हातमोजे, छोटी बॅटरी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा.
- गोचीड काढायचं कार्ड किंवा चिमटा, औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.
- दोन लिटर पाणी. माथ्याची वाट आहे, झरे वाटेच्या खाली असतात.
- दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. सोमवारी-मंगळवारी बऱ्याच खानावळींची सुट्टी असते. दारावर 'रूहेटाग' लिहिलेलं दिसलं की समजा, आज चूल बंद.

वेगळं जीपीएस यंत्र लागतंच असं नाही. घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जर्मनीत कोणीही विकत घेतं, पण सुट्टीत गावी जाताना ते सामानात ठेवू नका. भारतात परवान्याशिवाय ते नेणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने एका परदेशी धावपटूला अटक झाली होती. 

३. डबे फोनमध्ये उतरवून घ्या

जिओकॅशिंग डॉट कॉमवर फुकट खातं काढा. अधिकृत अॅपमध्ये फुकट सदस्याला सगळे डबे उघडत नाहीत, संकेतस्थळावर जास्त दिसतात. अँड्रॉइडवर सी-जिओ हे फुकट अॅप बहुतेकांना पुरतं. त्यात आपल्या टप्प्यातले डबे निवडून साठवून ठेवता येतात. जर्मनीत ओपनकॅशिंग नावाची दुसरी, पूर्ण मोफत नोंदवहीही आहे. काही डबे फक्त तिथेच असतात.

पैसे भरलेल्या सदस्याला एका यादीत हजारपर्यंत डबे एकदम उतरवता येतात, शिवाय वाटेच्या दोन्ही बाजूंची पट्टी आखून तेवढेच मागता येतात. सलग चार-पाच दिवस चालणार असाल तर एका महिन्याचं सदस्यत्व परवडतं. पट्टी ३०० मीटरच ठेवा. एक किलोमीटर ठेवली की खालच्या दरीतले डबे यादीत येतात. नकाशावर ते चिकटून दिसतात, प्रत्यक्षात दीडशे मीटर उतरून तेवढंच पुन्हा चढायचं असतं.

उतरवलेलं घरीच तपासा. इंटरनेट बंद करून एक डबा उघडा. वर्णन, खूण (डबा शोधायला दिलेला इशारा) आणि आधी येऊन गेलेल्यांच्या शेवटच्या नोंदी दिसल्या तरच ते काम झालं. चित्रं पुष्कळदा राहून जातात आणि काही डब्यांची जागा कोडं सोडवून काढायची असते, त्या कोड्याचं सगळं मर्म चित्रातच असतं.

४. पान वाचायला शिका

संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचं एक पान असतं आणि त्यावर दोन आकडे असतात, एक ते पाच. पहिला शोधायला किती अवघड, दुसरा तिथे पोचायला किती अवघड. दुसरा आकडा पाच म्हणजे दोर, होडी, असलं काहीतरी लागणार. झाडावर चढायचे डबे चारच्या पुढे असतात. सुरुवातीला दोन्ही आकडे दोनच्या आतले घ्या.

आकारही बघा. मायक्रो म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी किंवा त्याहून लहान, स्मॉल म्हणजे एक लिटरपर्यंत, रेग्युलर म्हणजे जेवणाच्या डब्यापासून बादलीपर्यंत. जर्मनीत मायक्रोमध्ये 'पेटलिंग' फार. ती प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधीची, परीक्षानळीसारखी जाड नळी. झाडाच्या बुंध्यातल्या भोकात ती अशी बसते की टोपणाचा रंगच काय तो दिसतो.

मग शेवटच्या पाच नोंदी वाचा. लागोपाठ तीन जणांना सापडलेला नसेल तर तो डबा सोडून द्या. या जंगलात त्याला खास कारणही आहे. दुष्काळ आणि साल पोखरणारे भुंगे यांनी स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली आणि तोडली गेली. 'मोठ्या स्प्रूसच्या मुळाशी' असं लिहिलेला डबा आज मोकळ्या माळावर ओंडक्यांच्या ढिगाखाली असेल, किंवा नसेल.

खूण सांकेतिक लिपीत असते, अॅप एका टिचकीत ती उलगडतं. भाषांतरावर मात्र विसंबू नका. 'बांक' म्हणजे पैशांची बँकही आणि बसायचा बाकही. जंगलात तो नेहमी बाकच असतो, शब्दही आपल्यासारखाच आहे. 'कीफर' म्हणजे जबडा आणि पाइनचं झाडही. 'श्लोस' किल्लाही आणि कुलूपही. एवढे शब्द पाठ असले की निम्मं काम होतं: वुर्ट्सेल म्हणजे मूळ, श्टुबन म्हणजे तोडलेल्या झाडाचा बुंधा, हिंटर म्हणजे मागे, उंटर म्हणजे खाली, आउगनह्यो म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर.

५. आकडे भरताना होणारी चूक

जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात: ५०° ३६.५००'. पुष्कळ नकाशे अंश-मिनिट-सेकंद दाखवतात. ३६.५०० मिनिटं हे ३६ मिनिटं ५० सेकंद समजून भरलं की तुम्ही सहाशे मीटरहून जास्त उत्तरेला जाता. जंगलात सहाशे मीटर म्हणजे दुसराच डोंगर. साडेछत्तीस मिनिटं म्हणजे ३६ मिनिटं ३० सेकंद.

शेवटच्या अंकाचा हिशेबही डोक्यात असू द्या. या अक्षांशावर तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.२ मीटर. कोड्याचं उत्तर काढताना शेवटचा अंक एखाद्याने चुकला तर फरक पडत नाही, मधला चुकला तर संध्याकाळ जाते. आणखी एक: जर्मनमध्ये पूर्व म्हणजे 'ओस्ट', म्हणून काही कोड्यांत पूर्वेसाठी 'ओ' हे अक्षर येतं. ते शून्य नव्हे.

६. शेवटचे वीस मीटर

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. तेव्हापासून यंत्रं सुधारली, पण झाडांची पानं तीच आहेत. ओल्या दाट झाडीत सिग्नल खोडांवरून, कड्यांवरून उसळून येतो आणि बाण दहा-पंधरा मीटर इकडे तिकडे होतो. ड्राखनश्लुख्टसारख्या घळीत तर तो गोल गोल फिरतो. डबा ठेवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असते, दोन्ही चुका मिळून पंचवीस मीटर सहज होतात.

म्हणून अंतर वीस मीटर उरलं की थांबा. मिनिटभर फोन स्थिर धरा, आकडा शांत होऊ द्या. मग थोडं दूर जाऊन दुसऱ्या बाजूने या, आणि तिसऱ्या. तिन्ही वेळा बाण जिथे बोट दाखवतो त्या रेषा जिथे छेदतात तिथे बघायचं. आणि आता फोन खिशात. शून्य मीटर दिसेपर्यंत बाणामागे गोल गोल फिरणारा माणूस डब्यावर पाय देऊन पुढे जातो.

आपण असतो तर कुठे लपवला असता, हे विचारा. मुळांमधली पोकळी, पडलेल्या ओंडक्याचं टोक, पाटीच्या खांबाची मागची बाजू, बाकाची खालची फळी. आणि बघा, जंगलात काड्या कधी एका दिशेने, बोटांसारख्या शेजारी शेजारी पडत नाहीत. तशा पडलेल्या दिसल्या, हातभर लांबीच्या, सात-आठ, वर थोडी वाळकी पानं टाकलेली, तर खाली डबा आहे. जर्मन मंडळी याला 'हाझनग्रिल' म्हणतात, सशाची शेगडी. काड्या उचलताना कशा होत्या ते लक्षात ठेवा, परत तशाच लावायच्या आहेत.

काही गोष्टी करायच्याच नाहीत. खणायचं नाही, कारण पुरलेला डबा नियमातच बसत नाही. या वाटेवर जुन्या संस्थानांच्या हद्दीचे कोरीव दगड शेकड्यांनी आहेत, त्यांना हलवायचं, टेकून तपासायचं नाही. शिकाऱ्यांच्या मचाणावर चढायचं नाही. जुन्या खाणी, बोगदे यांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च शिरायचं नाही. वटवाघळं झोपलेली असतात आणि कायद्यानेही बंदी आहे.

वीस मिनिटांत सापडला नाही तर सोडा. मनाला लागतं, तरी सोडा.

७. डबा उघडल्यावर

ओला असेल तर आधी पुसा, मग उघडा. वहीत तारीख आणि तुमचं टोपणनाव लिहा. वहीत सही नसेल तर सापडल्याची नोंद धरत नाहीत. गुंडाळी उलगडली तशीच घट्ट गुंडाळा. सैल गुंडाळली की टोपण बसत नाही, पाणी शिरतं आणि पुढच्याला लगदा मिळतो.

वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ ठेवू नका, वास आला की रानडुकरं आणि कोल्हे डबा फोडतात. चाकू, काडेपेटी, औषधंही नकोत. छोटा लाकडी भोवरा किंवा पितळी घुंगरू मात्र तिथल्या पोरांना फार आवडतं.

धातूच्या बिल्ल्यावर नंबर कोरलेला असेल तर ती प्रवासी वस्तू. ती ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात पोचवायची असते. नंबर नोंदीत सगळ्यांना दिसेल असा लिहू नका, फोटोतही येऊ देऊ नका.

सापडला नाही म्हणून जवळची रिकामी डबी तिथे ठेवून 'सापडला' अशी नोंद करणारे महाभाग असतात. त्यामुळे एका जागी दोन डबे होतात आणि मालकाचा, म्हणजे डबा ठेवणाऱ्याचा, गोंधळ उडतो. करू नका.

८. मल्टी आणि अर्थकॅश

मल्टीमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेचे आकडे मिळतात. शेवटचा डबा वाटेपासून किती लांब आहे ते पानावर बहुधा असतं. नसेल तर दिवसाच्या शेवटी तो हाती घेऊ नका. आकडे दगडांवर, पाट्यांवर मोजायचे असतात. 'क्वेअरझुमं' म्हणजे अंकांची बेरीज: १८७८ ची २४, पुन्हा केली तर ६. एकदा करायची की एक अंक उरेपर्यंत, ते पानावर नीट वाचा. अक्षरांना ए=१ ते झेड=२६ धरतात, पण दोन टिंबांची जर्मन अक्षरं कशी मोजायची हे प्रत्येकाचं वेगळं. उत्तर वेडंवाकडं आलं की पहिला संशय त्या टिंबांवर घ्या.

अर्थकॅशला डबा नसतो. जागेवर जाऊन खडकाकडे बघून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. ही वाट त्यासाठी श्रीमंत आहे. ९१६ मीटरच्या ग्रोसर इन्झल्सबेर्गला ज्वालामुखीचा पोर्फिर, ड्राखनश्लुख्टमध्ये गोट्यांचा जमलेला लालसर खडक, पूर्वेकडे पाटीचा काळा दगड. झीगमुंड्सबुर्गजवळ १९०६ साली उभारलेला ड्रायश्ट्रोमश्टाइन आहे. तिथे पडलेला पाऊस ऱ्हाइन, एल्बे आणि वेझर या तीन नद्यांना वाटला जातो. प्रश्न घरून वाचून जा आणि दगडाशेजारी बाटली ठेवून फोटो काढा, आकार कळायला उपयोगी पडतो.

९. जंगल आणि कायदा

जर्मनीत फिरायला जंगलात जायची मुभा आहे, पण स्वतःच्या जबाबदारीवर. राखीव निसर्गक्षेत्रात वाट सोडायची नाही, डबा पाच मीटरवर दिसत असला तरी. तंबू ठोकायला परवानगी नाही. शेकोटी आणि सिगारेट नकोच.

लाल-पांढरी पट्टी आणि 'लेबन्सगफार' (जिवाला धोका) अशी पाटी म्हणजे लाकूडतोड चालू आहे. रविवारी यंत्र बंद असलं तरी आत जाऊ नका, अर्धवट कापलेलं झाड कधीही पडतं. वारा सुटला की मेलेल्या स्प्रूसखाली थांबायचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी शिकारीची वेळ असते, तेव्हा झुडपांत वाकून फिरू नका, भडक रंग अंगावर असू द्या. हिवाळ्यात ओबरहोफच्या बाजूला स्कीसाठी आखलेल्या रुळांवर चालू नका.

पूर्वेकडे वाट जुन्या पूर्व-पश्चिम जर्मनीच्या हद्दीवरून जाते. तुटलेली ही वाट एप्रिल १९९० मध्ये पुन्हा सलग झाली. तिथे गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेल्या भोकांच्या काँक्रीट फरश्या अजून आहेत. भोकांत गवत वाढलेलं असतं, फोनकडे बघत चाललात तर घोटा मुरगळणार.

अपघात झाला तर ११२. जंगलात जागोजागी 'रेटुंग्सपुंक्ट' (मदत पोचायची जागा) अशा हिरव्या पाट्या असतात, त्यावरचा नंबर सांगितला की रुग्णवाहिका नेमकी तिथे येते. चालताना दिसेल त्या पाटीचा फोटो काढत जा.

१०. गोचीड

हा खरा धोका, रानडुकरापेक्षा मोठा. थुरिंगिया आणि उत्तर बव्हेरियातले बरेच जिल्हे मेंदूज्वराच्या जोखमीचे म्हणून जाहीर आहेत. तिथे त्याला 'एफएसएमई' म्हणतात. लस तीन डोसांची. दुसरा डोस एक ते तीन महिन्यांनी असतो, म्हणून उन्हाळ्यात चालायचं तर फेब्रुवारीतच डॉक्टरकडे जा. जोखमीच्या भागासाठी विमा सहसा पैसे देतो.

दुसरा आजार बोरेलिओसिस, त्यावर लस नाही. त्याचे जंतू गोचिडाच्या पोटात असतात आणि अंगात शिरायला बरेच तास घेतात, त्यामुळे लवकर काढली तर बहुधा वाचता. मेंदूज्वराचा विषाणू लाळेतच असतो, तो चावताक्षणी येतो. म्हणून त्याला लस आणि याला रोजची तपासणी.

विजारीचे पाय मोज्यांत खोचा. रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघा. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. काढताना कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. गावाकडे गुरांच्या गोचिडांवर रॉकेल किंवा तेल लावतात, ते इथे करू नका. गुदमरलेली गोचीड पोटातलं सगळं तुमच्या रक्तात ओकते. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर फोटो काढून डॉक्टर गाठा.

११. घरी आल्यावर

नोंद त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी कुठला डबा कुठला ते आठवत नाही. जर्मनमध्ये 'डांके' पुरतं, पण दोन वाक्यं जास्त लिहिली तर मालकाला आनंद होतो. इंग्रजी चालते, मराठीही कोणी अडवत नाही. डबा कुठे सापडला ते मात्र लिहू नका, पुढच्याची मजा जाते. डबा ओला होता, वही भरली होती, झाड तोडलं होतं, हे जरूर लिहा. सापडला नाही तरी तशी नोंद करा. लाजून न करणाऱ्यांमुळेच हरवलेले डबे वर्षभर नकाशावर राहतात.

बिल्ल्याची प्रवासी वस्तू आणली असेल तर दोन आठवड्यांत दुसऱ्या डब्यात सोडा. जमणार नसेल तर तिच्या मालकाला तसं कळवा. दिवाळीला घरी जाताना तिला पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या डब्यात सोडलीत तर मालक खूश होतो, फक्त तो डबा चालू आहे का ते निघण्याआधी बघा.